एक्सेल डॅशबोर्डवर एकच स्लायसर सगळ्या पॅनलना कसा जोडायचा

ऑफिसात एमआयएस (कंपनीच्या आकडेवारीचे रिपोर्ट) बघणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. एका शीटवर पाच पिव्होट (मोठ्या डेटाचा गोषवारा करणारे तक्ते), पाच चार्ट, मीटिंग चालू आणि साहेब म्हणतात "जरा नुसतं नाशिक दाखवा". मग आपण पाच ठिकाणच्या फिल्टरमध्ये पाच वेळा नाशिक निवडायचं, घाईत त्यातलं एक राहून जातं, आणि विक्री नाशिकची अन् वसुली अख्ख्या महाराष्ट्राची असा रिपोर्ट स्क्रीनवर झळकतो. याच्यावर एक्सेलमध्ये उपाय आहे आणि तो २०१० पासून आहे, तरी बऱ्याच जणांना स्लायसर (क्लिक केलं की डेटा फिल्टर करणारी बटणांची चौकट) म्हणजे नुसती रंगीत बटणं वाटतात. एक स्लायसर हव्या तेवढ्या पिव्होटना जोडता येतो, तोच स्लायसर वेगवेगळ्या शीटवरही ठेवता येतो. फक्त जोडणी होणार की नाही हे स्लायसरवर ठरत नाही, खालचा डेटा कसा ठेवलाय त्याच्यावर ठरतं. नवे लोक इथेच अडकतात, म्हणून या लेखात बटणांपेक्षा डेटावर जास्त लिहिलंय.

उदाहरण म्हणून शेती-निविष्ठांचा एक डिस्ट्रिब्युटर धरू. बियाणं, खतं, औषधं विकतो, माल आठ-दहा जिल्ह्यांत जातो. एका शीटवर विक्री (तारीख, जिल्हा, दुकानदार, माल, रक्कम), दुसऱ्यावर वसुली (तारीख, जिल्हा, दुकानदार, जमा रक्कम). तुमचा धंदा वेगळा असला तरी गणित तेच.

काय काय लागेल

- विंडोजवरचं एक्सेल, २०१३ किंवा नंतरचं. साधे स्लायसर २०१० मध्येही चालतात (तिथे रिपोर्ट कनेक्शन्सला पिव्होटटेबल कनेक्शन्स म्हणतात), पण टाइमलाइन (तारखांचा स्लायसर) आणि डेटा मॉडेल (अनेक टेबलं एकमेकांना जोडायची सोय) २०१३ पासून. मॅकवर साधे स्लायसर चालतात, पॉवर पिव्होट (डेटा मॉडेल हाताळायचं साधन) नाही, त्यामुळे पायरी ६ विंडोजवरच करा.
- एका ओळीत एकच व्यवहार असलेला कच्चा डेटा. मध्येच टोटलच्या ओळी, मर्ज केलेले सेल, रिकाम्या ओळी असतील तर आधी काढा.
- जिल्ह्यांची एक वेगळी यादी, प्रत्येक नाव एकदाच.
- मूळ फाइलची एक कॉपी. प्रयोग सगळे कॉपीवर.

१. डेटा टेबलात आणा आणि नावं एकसारखी करा

डेटात कुठेही क्लिक करून कंट्रोल + टी दाबा, टेबल होईल. टेबल डिझाइनमध्ये डाव्या कोपऱ्यात त्याला नाव द्या, विक्री, वसुली असं साधं. टेबल का, तर उद्या खाली नव्या ओळी पेस्ट केल्या की टेबल आपोआप वाढतं. पाचशे ओळींची रेंज धरून पिव्होट केलं तर पाचशे एकावी ओळ कधीच मोजली जात नाही आणि कोणी सांगायलाही येत नाही.

आता नावं. स्लायसर प्रत्येक वेगळ्या स्पेलिंगचं वेगळं बटण करतो. 'पुणे' आणि मागे एक स्पेस असलेलं 'पुणे ' ही त्याच्या लेखी दोन गावं. इंग्रजीत टाइप केलेल्या नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक तो मनावर घेत नाही, पण स्पेसचा घेतो. ट्रिम फॉर्म्युला लावून स्पेस काढा. वेबवरून कॉपी केलेल्या डेटात ट्रिमने न जाणारी एक जात असते, ती फाइंड-रिप्लेसने काढावी लागते (सेलमधूनच ती स्पेस कॉपी करून फाइंडमध्ये पेस्ट करायची).

आपल्याकडे याच्यात एक खास भर पडलीये. जुन्या डेटात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर, आणि नव्या डेटात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. पहिली दोन नावं २०२३ मध्ये बदलली, अहिल्यानगर २०२४ मध्ये, आणि ऑपरेटर मंडळींनी आपापल्या सवयीने कोणी 'संभाजीनगर', कोणी 'छ. संभाजीनगर', कोणी नुसतं 'नगर' लिहिलेलं असतं. एका जिल्ह्याची चार बटणं! अशा वेळी मूळ कॉलम बदलत बसू नका. जुनं-नवं नाव अशी दोन कॉलमची छोटी यादी करा, व्हीलुकअप किंवा एक्सलुकअपने टेबलात 'जिल्हा प्रमाणित' असा नवा कॉलम घ्या आणि स्लायसर फक्त त्याच कॉलमवर बनवा. लुकअपला जे नाव सापडणार नाही तिथे एरर दिसेल, म्हणजे नवीन स्पेलिंग आलं की लगेच कळतं.

२. तारीख खरी आहे का बघा, आणि आर्थिक वर्ष स्वतः बनवा

तारखेचा कॉलम रुंद करा. खरी तारीख सेलच्या उजवीकडे चिकटते, टेक्स्ट असलेली डावीकडे. काही उजवीकडे काही डावीकडे दिसल्या तर सावध व्हा. कॉम्प्युटरची रिजनल सेटिंग अमेरिकन असली की आपली ०३/०४/२०२५, म्हणजे ३ एप्रिल, तो ४ मार्च समजतो, आणि १५/०४/२०२५ ला पंधरावा महिनाच नसल्यामुळे ती टेक्स्ट म्हणून सोडून देतो. अर्ध्या तारखा चुकलेल्या आणि अर्ध्या नापास, आणि वाईट म्हणजे चुकलेल्या एकदम बरोबर दिसतात. आपल्या हिशोबात तर ३ एप्रिलची विक्री थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. टेक्स्ट राहिलेल्या तारखा टेक्स्ट टू कॉलम्सच्या तिसऱ्या पायरीवर डेट निवडून दिवस-महिना-वर्ष क्रम दिला की सुधारतात, पण उलट्या झालेल्या सुधारत नाहीत. त्यासाठी सेटिंग भारताची करून डेटा पुन्हा इंपोर्ट करणं हेच बरं.

तारखेसाठी टाइमलाइन नावाचा वेगळा स्लायसर असतो, दिसायला छान, पण त्याच्या तिमाही कॅलेंडर वर्षाच्या, जानेवारी ते मार्च पहिली. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि टाइमलाइनमध्ये ते बदलायची सोय नाही. म्हणून टेबलातच मदतीचे कॉलम करा. ईडेट फॉर्म्युल्याने तारीख तीन महिने मागे न्या आणि त्याचं इयर घ्या, हे झालं आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं साल (मार्च २०२६ ची तारीख डिसेंबर २०२५ होते, म्हणजे २०२५, बरोबर २०२५-२६ मधली). त्याच मागे नेलेल्या तारखेचं मंथ घेतलं की एप्रिलला १ आणि मार्चला १२ मिळतो. महिन्याच्या नावाआधी हा नंबर दोन आकड्यांत लावला, '०१ एप्रिल', '०२ मे', की स्लायसरमधली बटणं आपोआप आपल्या क्रमाने लागतात.

३. पहिलं पिव्होट, मग स्लायसर, मग कॉपी

क्रम असाच ठेवा, यात बरीच मेहनत वाचते.

विक्री टेबलावरून नव्या शीटवर एक पिव्होट बनवा. पिव्होटटेबल अ‍ॅनालाइझमध्ये डावीकडे त्याचं नाव दिसतं, पिव्होटटेबल१ वगैरे, ते लगेच बदला, 'पि_जिल्हावार' असं काहीतरी. आत्ता वाटेल कशाला, पण थोड्या वेळात कनेक्शनच्या खिडकीत पिव्होटटेबल१ ते पिव्होटटेबल९ अशी यादी समोर आली की कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही.

मग इन्सर्ट स्लायसर, त्यात जिल्हा प्रमाणित, आर्थिक वर्ष, महिना, मालाचा प्रकार एवढेच घ्या. स्लायसर जितके कमी तितका डॅशबोर्ड लोक वापरतात, दुकानदाराच्या नावाचा स्लायसर टाकला तर तीनशे बटणांची रांग होते आणि कोणी तिकडे बघत नाही.

आता पुढची पिव्होट नव्याने बनवू नका. पहिलंच पूर्ण सिलेक्ट करून कॉपी करा, शेजारी पेस्ट करा, नाव बदला आणि फिल्ड्स (पिव्होटमध्ये घेतलेले डेटाचे कॉलम) बदलून त्याचं महिनावार, मालवार जे हवं ते करा. कॉपी केलेलं पिव्होट पहिल्याचाच डेटा वापरतं आणि सहसा स्लायसरची जोडणीही सोबत घेऊन येतं.

४. रिपोर्ट कनेक्शन्स: कशावर टिक करायची, कशावर नाही

स्लायसरवर राइट क्लिक, रिपोर्ट कनेक्शन्स. पिव्होटची नावं आणि ती कुठल्या शीटवर आहेत ते दिसेल. ज्यांना हा फिल्टर लागायला हवा त्यांच्यावर टिक, ओके. प्रत्येक स्लायसरसाठी हे वेगळं करावं लागतं, जिल्ह्याचं केलं म्हणजे महिन्याचं झालं असं नाही. चार्टचं वेगळं काही करायचं नसतं, पिव्होट चार्ट आपल्या पिव्होटच्या मागे मागे जातो.

आता एक महत्त्वाची गोष्ट जी बऱ्याच व्हिडिओत सांगत नाहीत: सगळीकडे टिक करणं म्हणजे चांगला डॅशबोर्ड नव्हे. 'जिल्ह्यांची क्रमवारी' दाखवणारा बार चार्ट जिल्ह्याच्या स्लायसरला जोडला तर नाशिक दाबल्यावर तिथे एकच खांब उरतो, त्याची क्रमवारी कसली. तो चार्ट वर्ष आणि महिन्याला जोडा, जिल्ह्यापासून मोकळा ठेवा. तसंच 'एकूण कंपनीची विक्री' हा आकडा, ज्याच्याशी निवडलेल्या जिल्ह्याची टक्केवारी काढायची, तो जिल्ह्याला जोडला तर टक्केवारी कायम शंभर. मी कागदावर आधी एक तक्ता करते, डावीकडे पॅनल, वर स्लायसर, आणि चौकटीत हो किंवा नाही. मग तो बघून टिका. ज्या पॅनलला एखादा फिल्टर लागत नाही त्याच्या शीर्षकात तसं लिहून टाका, 'सर्व जिल्हे', नाहीतर बघणारा म्हणतो हे बिघडलंय.

तोच स्लायसर दुसऱ्या शीटवर हवा असेल तर कॉपी करून तिकडे पेस्ट करा. हा नवा स्लायसर नसतो, त्याचीच दुसरी प्रत असते, इकडे नाशिक दाबलं की तिकडचंही बटण दाबलं जातं. दुसऱ्या शीटवर इन्सर्टमधून नवीन बनवला तर मात्र दोघांचा संबंध असेलच असं नाही, म्हणून कॉपीच करा.

जोडणी तोडायची असेल तर आधी फिल्टर क्लिअर करा आणि मग टिक काढा. उलट केलं तर ते पिव्होट नाशिकवरच अडकून राहतं आणि वर स्लायसरवर काहीच दिसत नाही.

५. यादीत पिव्होट दिसतच नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पिव्होट समोर आहे, डेटा तोच आहे, तरी रिपोर्ट कनेक्शन्सच्या यादीत त्याचं नाव नाही. कारण पिव्होट थेट शीटमधून वाचत नाही, तो डेटाची एक आतली प्रत बनवतो, तिला पिव्होट कॅश म्हणतात. सोसायटीत जसं एका टाकीचा मेन व्हॉल्व्ह फिरवला की त्याच टाकीवरचे नळ बंद होतात, शेजारच्या बिल्डिंगचे नाही, तसं स्लायसरचं आहे. एकाच कॅशवरची पिव्होटच त्याला दिसतात.

कॅश वेगळी का होते? एक पिव्होट टेबलाच्या नावावरून केलेलं आणि दुसरं सेलची रेंज सिलेक्ट करून केलेलं. किंवा दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून आणलेलं. किंवा बनवताना 'अ‍ॅड धिस डेटा टू द डेटा मॉडेल' वर एकात टिक होती आणि दुसऱ्यात नव्हती. यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते वेगळं पिव्होट पुसून टाकायचं आणि पायरी ३ सारखं चालणारं पिव्होट कॉपी करून त्यातून बनवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, त्यावर तासभर डोकं लावू नका.

आणि चेंज डेटा सोर्स करायला गेलात आणि एक्सेलने लांबलचक मेसेज देऊन अडवलं की हे पिव्होट अशा फिल्टरला जोडलंय जो इतर पिव्होटनाही जोडलेला आहे, तर घाबरायचं नाही. सगळ्या स्लायसरच्या टिका आधी काढा, सोर्स बदला, परत जोडा. आधी मोबाइलवर टिकांचा फोटो काढून ठेवा, परत जोडताना आठवत नाही.

कॅश एकच असण्याची दुसरी बाजूही आहे. एका पिव्होटमध्ये तारखा महिन्याने ग्रुप केल्या की त्याच कॅशवरच्या इतर पिव्होटमध्येही त्या ग्रुप होतात. एका पॅनलवर महिना आणि दुसऱ्यावर आठवडा हवा असेल तर ग्रुपिंगच्या वाटेला न जाता पायरी २ सारखा मदतीचा कॉलम करा.

६. विक्री आणि वसुली दोन टेबलांत असतील तर

दोन टेबलं म्हणजे दोन कॅश, साधा स्लायसर दोघांना लागणार नाही. इथे डेटा मॉडेल लागतं. नाव भारी आहे, काम सोपं.

आधी दोन छोटी टेबलं करा. एक 'जिल्हे', प्रत्येक जिल्हा एकदाच. दुसरं 'तारखा', पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत प्रत्येक दिवसाची एक ओळ, शेजारी आर्थिक वर्ष आणि महिना. मग पिव्होट बनवताना डेटा मॉडेलवर टिक करून चारही टेबलं मॉडेलमध्ये आणा. डेटा टॅबमध्ये रिलेशनशिप्स उघडा आणि चार जोड्या करा: विक्रीचा जिल्हा जिल्ह्यांना, विक्रीची तारीख तारखांना, आणि वसुलीचंही तसंच. जिल्हे टेबलात एखादं नाव दोनदा आलं असेल तर एक्सेल जोडणी नाकारतो, तेव्हा रिमूव्ह डुप्लिकेट्स मारून या.

आता इथला सापळा. स्लायसर 'जिल्हे' टेबलातून घ्यायचा, विक्री टेबलातून नाही. विक्रीतला जिल्हा घेतला तर विक्री बरोबर हलते आणि वसुली ढिम्म. पिव्होटच्या रो मध्येही तेच, विक्रीतला जिल्हा ओढला तर वसुलीच्या कॉलममध्ये प्रत्येक जिल्ह्यापुढे एकच आकडा दिसतो, नाशिकला तोच, जळगावला तोच, सोलापूरला तोच. हा प्रकार दिसला की समजायचं फिल्ड चुकीच्या टेबलातून आलंय.

डेटा मॉडेलवरच्या पिव्होटमध्ये कॅल्क्युलेटेड फिल्ड (पिव्होटच्या आतच फॉर्म्युल्याने केलेलं फिल्ड) चालत नाही, तिथे मेजर (मॉडेलमध्ये लिहिलेला हिशोबाचा फॉर्म्युला) लिहावं लागतं. वसुलीची टक्केवारी काढायची असेल तर हे माहीत हवं. बदल्यात डिस्टिंक्ट काउंट मिळतो, म्हणजे किती बिलं झाली याच्याऐवजी किती दुकानदारांनी माल घेतला हे थेट येतं, माझ्या मते एवढ्यासाठी सुद्धा मॉडेल वापरावं.

७. वरचे मोठे आकडे का हलत नाहीत

डॅशबोर्डच्या वर 'एकूण विक्री', 'एकूण वसुली' असे मोठे आकडे असतात आणि ते बरेच जण सम-इफ्सने काढतात. सम-इफ्सला स्लायसर कळत नाही. त्यासाठी एक छोटं पिव्होट बनवा ज्यात फक्त टोटल आहे, ते स्लायसरला जोडा आणि वरच्या सेलमध्ये त्या टोटलचा संदर्भ द्या.

हीच युक्ती शीर्षकासाठी. फक्त जिल्हा रो मध्ये असलेलं, ग्रँड टोटल बंद केलेलं एक पिव्होट बाजूला ठेवा, स्लायसरला जोडा, आणि टेक्स्टजॉइनने (२०१९ आणि ३६५ मध्ये आहे) त्यातली नावं एकत्र करून शीर्षकात आणा: 'निवडलेले जिल्हे: नाशिक, जळगाव'. प्रिंट काढली किंवा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तर हा आकडा कशाचा ते कळतं.

टेबलावरचा स्लायसर वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. पिव्होट न करता थेट टेबलावर स्लायसर टाकला तर तो फक्त त्या टेबलाच्या ओळी लपवतो, त्याला रिपोर्ट कनेक्शन्स नसतातच. तिथे बेरजेला सबटोटल वापरा, फंक्शन नंबर १०९ देऊन, म्हणजे दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज येते.

८. मांडणीतल्या बारीक गोष्टी

पिव्होट एकाखाली एक ठेवू नका. नाशिक दाबलं तेव्हा चार ओळी होत्या, क्लिअर केलं की चाळीस होतात आणि खालच्या पिव्होटवर आदळतात, मग ओव्हरलॅपचा एरर येतो. पिव्होट सगळी वेगळ्या शीटवर शेजारी शेजारी, डॅशबोर्ड शीटवर फक्त चार्ट, आकडे आणि स्लायसर.

पिव्होटटेबल ऑप्शन्समध्ये 'ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट'ची टिक काढा, नाहीतर प्रत्येक क्लिकला कॉलम नाचतात. स्लायसरच्या साइझ अँड प्रॉपर्टीजमध्ये 'डोन्ट मूव्ह ऑर साइझ विथ सेल्स' निवडा.

फिकट झालेली बटणं म्हणजे बिघाड नाही, त्या निवडीत त्या बटणाचा डेटा नाही एवढंच.

९. दर महिन्याला नवा डेटा टाकताना

आधी सगळे स्लायसर क्लिअर, मग डेटा पेस्ट, मग डेटा टॅबवरून रिफ्रेश ऑल. क्लिअर न करता रिफ्रेश केलं आणि नव्या डेटात एखादा नवीन जिल्हा आला तर तो निवडीच्या बाहेर राहू शकतो आणि टोटल कमी दिसते.

जुनी नावं दुरुस्त करूनही 'अहमदनगर'चं बटण जात नसेल तर ते कॅशमध्ये अडकलंय. पिव्होटटेबल ऑप्शन्स, डेटा टॅब, 'नंबर ऑफ आयटम्स टु रिटेन पर फिल्ड' तिथे नन करा आणि रिफ्रेश मारा.

१०. फाइल पुढे पाठवण्याआधी

शीट लॉक करायची असेल तर आधी प्रत्येक स्लायसरच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉक्डची टिक काढा, मग प्रोटेक्ट शीट करताना 'यूज पिव्होटटेबल अँड पिव्होटचार्ट' वर टिक करा. पण लॉक शीटवरचं पिव्होट रिफ्रेश होत नाही, आणि त्याच कॅशवरची दुसऱ्या शीटवरची पिव्होटही अडतात, म्हणून महिन्याच्या कामाआधी अनप्रोटेक्ट.

आणि स्लायसर म्हणजे गुप्तता नाही, हे नीट समजून घ्या. नाशिकच्या माणसाला नाशिक निवडून फाइल पाठवली, वर मूळ डेटाची शीटही डिलीट केली, तरी कॅशमध्ये सगळ्या जिल्ह्यांचा डेटा बसलेला असतो. त्याने फिल्टर क्लिअर करून टोटलवर डबल क्लिक केलं की दुकानदारांच्या नावासकट सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात. बाहेर पाठवायचं असेल तर पीडीएफ पाठवा, किंवा त्या जिल्ह्यापुरता डेटा घेऊन वेगळी फाइल करा.

गुगल शीट्स किंवा पॉवर बीआय वापरत असाल तर

गुगल शीट्समध्ये स्लायसर त्याच शीटवरच्या, तोच सोर्स डेटा असलेल्या चार्ट आणि पिव्होटना आपोआप लागतो, रिपोर्ट कनेक्शन्ससारखी यादी नाही. म्हणून तिथे सगळे पॅनल एका शीटवर आणि सगळ्यांना डेटाची रेंज अगदी एकच द्या. प्रत्येकाने केलेली निवड त्याच्यापुरतीच राहते, सगळ्यांना तीच दिसायला हवी असेल तर स्लायसरच्या मेनूतून ती डिफॉल्ट म्हणून सेट करावी लागते.

पॉवर बीआयमध्ये एका पेजवरचा स्लायसर त्या पेजच्या सगळ्या व्हिज्युअलना आधीच लागलेला असतो, इथे उलट काम, ज्याला नको त्याला एडिट इंटरॅक्शन्समधून वगळायचं. दुसऱ्या पेजवर न्यायला व्ह्यू टॅबमध्ये सिंक स्लायसर्स आहे, तिथे प्रत्येक पेजपुढे दोन टिका असतात, एक सिंकची, एक दिसण्याची. दिसण्याची टिक काढून सिंकची ठेवली तर त्या पेजवर फिल्टर लागतो पण स्लायसर दिसत नाही, अशा पेजवर निवडलेल्या जिल्ह्याचं नाव एखाद्या कार्डवर जरूर टाका. पायरी ६ ची जिल्हे आणि तारखांची टेबलं केली असतील तर ती इथे जशीच्या तशी वापरता येतात.